तिसऱ्या ढिगाचं फूल

एकदा एका शिष्याने आपल्या गुरूचं ओझं हलकं केलं. चोरून केलं, पण मायेपोटी केलं. मायेपोटी केलेली चूक फार वाईट असते, मंडळी. ती करताना मन खात नाही, उलट छाती फुगते.

आता गुरू म्हटल्यावर कुणी जटाधारी ऋषी डोळ्यांसमोर आणू नका. हे आपले जुन्नरचे डुंबरे मास्तर. तीस वर्षं आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना कानस कशी धरायची ते शिकवलं, आणि सुट्टी मिळाली की डोंगर गाठला. आधी सह्याद्री पालथा घातला, मग हिमालयाचा नाद लागला. सत्तरीला टेकले तरी वर्षातून एकदा, ऐन पौषात, बर्फात तंबू ठोकून चार दिवस राहून येण्याचा त्यांचा नेम होता. लोक विचारायचे, "मास्तर, या वयात हाडं गोठवायला कशाला जाता?" मास्तर म्हणायचे, "घरातल्या गोधडीची किंमत कळावी म्हणून."

आणि शिष्य म्हणजे सुयश ताजणे. वय सव्वीस, अंगाने काटक, पायात वारं भरलेलं. पुण्यात नोकरी, पण शनिवार उजाडला की स्वारी एखाद्या गडावर. चार वर्षांपूर्वी एका कड्याखाली पाय मुरगळून बसला असताना मास्तर भेटले, त्यांनी पाय बांधून दिला, आणि तेव्हापासून हा त्यांच्या मागे लागला तो लागलाच. पोरगा गुणी. खोड एकच, वजनाची. हलका चालतो तो लांब चालतो, असं त्याने कुठल्याशा व्हिडिओत ऐकलं होतं. खोटं नाही ते. पण पठ्ठ्याने त्याचा धर्मच करून टाकला. सॅकचे जादा पट्टे कापले, टी-शर्टांची लेबलं उसवली, टूथब्रशचा दांडा निम्मा छाटला. तो छाटलेला ब्रश पाहून मास्तर गंभीरपणे म्हणाले, "दात सगळे आणलेस ना रे, की तेही निम्मे घरी ठेवलेस?"

मास्तरांची एक पद्धत होती. कुठूनही परत आले की ओसरीवर सतरंजी अंथरायची, सॅक तिच्यावर उपडी करायची, आणि सामानाचे तीन ढीग लावायचे. पहिल्या ढिगात रोज लागलेल्या वस्तू. दुसऱ्यात एखाद-दुसऱ्या वेळी लागलेल्या. तिसऱ्यात एकदाही हात न लागलेल्या. सुयशला हे फार आवडलं होतं, कारण त्याच्या व्हिडिओतही हेच सांगितलं होतं. फरक एवढाच, की तिथे सांगत होते, तिसरा ढीग पुढच्या वेळी घरी ठेवा.

मास्तर काय करायचे ते सुयशला खंडेनवमीला दिसलं. त्या दिवशी आपल्याकडे हत्यारं-अवजारं पुजतात. मास्तरांनी कानस, पकड, पाने घासूनपुसून पाटावर मांडले होते, आणि शेजारच्या पाटावर दोर, स्टोव्ह, बूट, तंबूच्या मेखा. माईंनी, म्हणजे मास्तरांच्या मंडळींनी, झेंडूची परडी आणून ठेवली. सुयशला वाटलं, पहिलं फूल बुटांना, फार तर स्टोव्हला. मास्तर उठले, कपाटातून एक लाल थैली आणली, तिला हळदकुंकू लावलं, परडीतलं सर्वांत टपोरं फूल तिच्यावर ठेवलं आणि डोळे मिटून हात जोडले.

ती लाल थैली म्हणजे मास्तरांचा तिसरा ढीग. तिच्यात माईंनी विणलेले लोकरीचे जाड मोजे होते, मेणकापडात गुंडाळलेले. घट्ट झाकणाच्या डबीत काडेपेटी. दोन मेणबत्त्या, एक शिट्टी, मुठीत मावेल अशी घडी केलेली, अंगाची ऊब धरून ठेवणारी चंदेरी चादर, आणि गुळाचा खडा. गूळ दरवर्षी बदलायचा. बाकी सगळं जसंच्या तसं, वीस वर्षं.

"मास्तर," सुयश हसू दाबत म्हणाला, "या थैलीने वर्षभरात केलं काय?"

"काही नाही केलं."

"मग पहिलं फूल तिला?"

"म्हणूनच तिला," मास्तर म्हणाले, आणि माईंना हाक मारून नैवेद्याचं विचारायला आत गेले.

सुयशने मनात म्हटलं, म्हातारपणी माणूस हळवा होतो, चालायचंच. झेंडूचं फूल मात्र त्याच्या डोक्यात राहिलं.

पौष आला. या वेळी दोघंच निघाले. हिमालयातलं एक लहानसं गाव, देवदारांच्या राईत वसलेलं. तिथे प्रेमसिंग नावाचा दुकानदार होता, मास्तरांचा जुना स्नेही. डोंगरावर जाण्याआधी मास्तर त्याच्या हातात नेहमी एक चिठ्ठी द्यायचे: कुठल्या वाटेने जाणार, मुक्काम कुठे, परत कधी. या चिठ्ठीत लिहिलं होतं, गुरुवारी दुपारपर्यंत परत. प्रेमसिंगने ती दुकानातल्या देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवली. सुयशला हेही जरा जास्तच वाटलं. मोबाइलच्या जमान्यात चिठ्ठ्या कसल्या? पण वर गेल्यावर मोबाइलला रेंज नसते, हे तो सोयीस्कर विसरला होता.

मास्तरांचा डावा गुडघा अलीकडे कुरकुरत होता. जिना उतरताना ते कठड्याला धरायचे, आणि कुणी पाहत नाही ना, हे आधी पाहायचे. सुयशने पाहिलं होतं. सोमवारी सकाळी मास्तर चहा घेत बसले असताना त्याने त्यांची सॅक उचलून पाहिली. भरपूर जड. मग त्याने हळूच झाकण उघडलं, लाल थैली काढली, आणि प्रेमसिंगकडे ठेवायच्या कपड्यांच्या पिशवीत तळाशी सरकवली. किलोभर तरी वजन गेलं. वीस वर्षांत जी लागली नाही, ती चार दिवसांत काय लागणार? गुडघा तर रोज दुखतो. झाकण बंद करताना त्याला फार बरं वाटलं.

मास्तरांनी सॅक पाठीवर घेतली आणि हसले. "आज हलकी वाटतेय रे. डोंगर पाहून हाडं खूश झाली वाटतं."

सुयशही हसला. खरं सांगतो, त्या दिवशी त्याच्याइतका समाधानी शिष्य सबंध हिमालयात नसेल.

निघताना मास्तरांनी त्याला जाड जाकीट काढायला लावलं. "निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. निघतानाच ऊब वाटली तर अर्ध्या तासात घाम येतो. बर्फातला घाम म्हणजे आपल्याच हाताने अंगावर ओतलेलं गार पाणी." वाटेत एका कड्याच्या आडोशाला दगडी कोठार दिसलं, मेंढपाळांचं, उन्हाळ्यातल्या मुक्कामाचं. मास्तरांनी काठीने दाखवलं. "पाहून ठेव. आसरा कुठे आहे ते चढताना पाहायचं असतं. उतरताना पाहायला सवड नसते."

संध्याकाळी तंबू लागला. मास्तरांनी पाण्याच्या बाटल्या उलट्या करून ठेवल्या. सुयशने कारण विचारलं. "पाणी वरून गोठत येतं. बाटली उलटी असली की गोठतो तो तळ, आणि तोंड मोकळं राहतं." तंबूचा वरचा पडदा त्यांनी चार बोटं उघडा ठेवला. वारा सुरीसारखा आत येत होता. सुयशने तो लावायला हात पुढे केला, तशी मास्तरांनी हातावर चापट मारली. "स्टोव्ह पेटवून पडदे लावून घेणारे सकाळी उठत नाहीत बाळा. थंडी वाजली तर माणूस जागा होतो, कोंडलेल्या हवेत तो जागाच होत नाही." मग दोघांनी दिवसभराचे कपडे बदलले, गरम पाण्याची एकेक बाटली स्लीपिंग बॅगेत पायाशी घेतली, आणि तुपात परतलेला शिरा खाऊन झोपले. बाहेर आकाश चांदण्यांनी खच्चून भरलं होतं. मास्तर पडल्या पडल्या पुटपुटले, "आजचा दिवस पदरात पडला. उपकार झाले." कुणाचे, ते त्यांनी सांगितलं नाही.

मंगळवार सुखात गेला. बुधवारी दुपारी ते वरच्या पठारावर पोहोचले. समोर शिखरांची रांग, एकावर एक पांढरी, आणि त्यांच्यामागे काळसर ढग चढत होते. मास्तरांनी घड्याळ पाहिलं आणि लगेच पाठ फिरवली. सुयशला फोटो काढायचे होते. "डोंगर कुठे पळून जात नाही, उजेड पळतो," असं म्हणून मास्तर चालायलाही लागले.

उतारावर एक ओढा होता. येताना ज्या जागी ओलांडला होता त्याच जागी ते परत आले. पण दुपारच्या उन्हाने वरचा बर्फ आतून पोखरला होता. मास्तरांचा पाय पडला आणि बर्फाचं कवच कडकन फुटलं. मास्तर मांड्यांपर्यंत आत गेले. सुयशने काठी धरली, मग खांद्याचा पट्टा धरला, आणि ओढून ओढून त्यांना काठावर आणलं. बूट पाण्याने भरले होते. विजारीतून पाणी गळत होतं, आणि गळता गळता गोठत होतं. वारा सुटला होता. अंधाराला दोन तास होते.

मास्तर दगडावर बसले. ओठ निळे पडले होते, पण आवाज शांत होता. "सॅकेतली कोरडी विजार काढ. आणि लाल थैली."

सुयश जागचा हलेना.

"अरे, थैली. तळाशी उजव्या बाजूला असेल."

"मास्तर... मास्तर, थैली मी काढून ठेवली. प्रेमसिंगकडे आहे. तुमचा गुडघा दुखत होता, म्हणून..."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं. सुयशला वाटलं, आता त्यांनी एक मुस्कटात द्यावी, म्हणजे निदान सुटका होईल. पण त्यांनी एक लांब श्वास घेतला. "बरं. नाही त्याचा विचार नंतर करू. आहे काय, ते बघ."

काय होतं? मास्तरांची दुसरी मोज्यांची जोडी कालचीच ओली, सॅकला बाहेरून बांधलेली, वाळलेल्या लाकडासारखी कडक झालेली. सुयशने वजन वाचवायला जोड्याच दोन आणल्या होत्या. एक पायात घामाने भिजलेली, दुसरी कालची ओली. मास्तरांच्या खिशातल्या काडेपेटीचा ओढ्यात लगदा झाला होता. सुयशचा लायटर सॅकच्या झाकणात राहून गारठला होता, नुसता टिचक्या मारत होता, जाळ धरेना. तंबू आणि स्लीपिंग बॅगा होत्या, पण त्या वाऱ्यात उतारावर तंबू उभा राहिला नसता. म्हणजे स्टोव्ह होता, गॅस होता, आणि विस्तव नव्हता. सगळं हलकं सामान सोबत होतं, आणि त्याचा काही म्हणजे काही उपयोग नव्हता.

सुयशने मास्तरांना कोरडी विजार चढवली, मग आपले लोकरी हातमोजे काढले आणि त्यांच्या पावलांवर चढवले, बोटं जशी बसतील तशी. त्यावरून गळपट्टी गुंडाळली, प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या आणि तसेच पाय बुटांत बसवले. हात त्याने काखेत खुपसले. "चला मास्तर. ते कोठार."

कोठार अर्ध्या तासाचं होतं, त्याला तास लागला. मास्तर त्याच्या खांद्यावर भार टाकून चालत होते. आधी म्हणाले, पाय दुखतायत. मग म्हणाले, आता दुखत नाहीत. ते ऐकून सुयशच्या काळजात धस्स झालं, कारण मास्तरांनीच शिकवलं होतं: दुखतं तोवर भिऊ नये, दुखायचं थांबलं की भ्यावं.

दार ढकललं. आत मिट्ट काळोख. बॅटरीचा झोत भिंतीवरून फिरला आणि सुयश जागच्या जागी थांबला. भिंतीलगत फोडलेली लाकडं रचून ठेवली होती, छातीइतकी उंच, खडखडीत कोरडी. शेजारी पेटवणाला भूर्जाच्या साली. खुंटीला पत्र्याचा डबा टांगलेला, सुतळीने बांधलेला. त्याने दातांनी गाठ सोडली. आत प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली काडेपेटी, अर्धी मेणबत्ती, आणि मूठभर फुटाणे.

कुणी ठेवलं होतं? देव जाणे. कुठल्या तरी मेंढपाळाने, पाऊस संपल्यावर खाली उतरताना. आपल्यामागून कोण येईल, येईल की नाही, हे ठाऊक नसताना.

चौथी काडी पेटली. सुयश मोठ्याने रडला. लाज वाटली नाही त्याला.

जाळ धरल्यावर त्याने मास्तरांच्या अंगावर दोन्ही स्लीपिंग बॅगा टाकल्या आणि त्यांचे बूट काढले. डाव्या पायाची बोटं मेणासारखी पांढरी पडली होती. तो चोळायला लागला, तसे मास्तर ओरडले, "चोळू नकोस! आणि विस्तवाजवळही नेऊ नकोस. बधिर पायाला भाजलेलं कळत नाही. अंगाची ऊब दे, नुसती ऊब."

मग सुयशने जाकीट उघडलं, सदरा वर केला, आणि गुरूची दोन्ही पावलं आपल्या उघड्या पोटावर घेतली. बर्फाच्या लाद्या ठेवाव्यात तसं झालं. श्वास अडकला. पण त्याने वरून जाकीट ओढून घेतलं आणि ती पावलं दोन्ही हातांनी धरून ठेवली. दार त्याने आधीच वीतभर उघडं ठेवलं होतं, धुरासाठी. एवढं तरी शिकला होता.

लाकडं तडतडत होती. मग मास्तर विव्हळले. पायात कळ आली होती. सुयशने इतकं गोड विव्हळणं कधी ऐकलं नव्हतं.

"मास्तर, मी तुमचा अपराधी आहे. मला वाटलं, ती थैली म्हणजे फुकटचं ओझं. वीस वर्षं लागली नाही..."

"माझीही चूक आहे," मास्तर म्हणाले. "सोमवारी सकाळी सॅक हलकी लागली, तेव्हाच हात घालून पाहायला हवं होतं. सवयीवर विसंबलो. पण तू खंडेनवमीला विचारलं होतंस ना, थैलीने काय केलं म्हणून? आता सांगतो. जी वस्तू रोज लागते, तिचे उपकार रोज फिटतात. बुटांना आपण पुसतो, स्टोव्हला घासतो, त्यांचा मान त्यांना मिळतो. पण जी वस्तू बरोबर आली आणि लागली नाही, ती म्हणजे न आलेलं संकट. वीस वर्षं थैली उघडावी लागली नाही, म्हणजे वीस वेळा मी धडधाकट घरी आलो, माईने दार उघडलं, वीस वेळा. आलेल्या सुखाचे आभार कुणीही मानतो रे. न आलेल्या दुःखाचे आभार मानायला आठवण लागते. मला ती राहत नाही. म्हणून थैली जवळ बाळगतो आणि तिला पहिलं फूल वाहतो."

जरा वेळाने त्यांनी लाकडांच्या राशीकडे पाहिलं. "आणि हा बघ, कुणाचा तरी तिसरा ढीग. त्याला काय माहीत आपण कोण."

सुयशने मान खाली घातली. त्याची आसवं मास्तरांच्या पावलांवर पडली. मास्तर म्हणाले, "ओले करू नकोस पुन्हा. मोठ्या मुश्किलीने वाळलेत." आणि त्या दगडी कोठारात दोघं हसले.

गुरुवारी ते पावलापावलाने उतरत होते. बुधवारचे ढग न बरसताच सरकले होते. दुपार टळली होती, आणि खालून शिट्टी ऐकू आली. प्रेमसिंग वर येत होता, बरोबर गावातली दोन माणसं आणि एक खेचर. तसबिरीमागची चिठ्ठी बाराच्या ठोक्याला त्याने काढून वाचली होती आणि दुकान उघडंच टाकून निघाला होता. खेचरावर त्याने दुसरंही काही बांधलं होतं. जाताना राहिली असेल म्हणून आणली, असं सांगत त्याने कपड्यांच्या पिशवीत सापडलेली लाल थैली पुढे केली. सुयशने ती हातात घेतली आणि कपाळाला लावली.

मास्तर वाचले. पाय वाचला. डाव्या पायाची करंगळी मात्र डॉक्टरांना काढावी लागली. सुयश दवाखान्यात त्यांच्या उशाशी बसून राहिला, तोंड एवढंसं करून. शेवटी मास्तरच कंटाळले. "अरे, नऊ राहिलीत ना? गेलेल्या एकीसाठी राहिलेल्या नऊंचा अपमान करू नकोस." माई त्याला एक शब्दही लावून बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त सुया आणि लोकर काढली आणि मोज्यांची आणखी एक जोडी विणायला घेतली, त्याच्या मापाची.

खंडेनवमी आली. पाट मांडले गेले. मास्तरांनी परडी सुयशपुढे सरकवली. त्याने काही न विचारता सर्वांत टपोरं फूल उचललं आणि लाल थैलीवर ठेवलं.

पण एक काम उरलं होतं. कोठारातली लाकडं त्यांनी जाळली होती, आणि परत रचण्याची ताकद त्या दिवशी दोघांतही नव्हती. दिवाळी झाल्यावर सुयश एकटाच त्या गावी गेला. प्रेमसिंगची खेचरं घेऊन, बर्फ पडायच्या आत, कोठारात लाकडं पोहोचवली. छातीइतकी उंच रास रचली. पत्र्याच्या डब्यात काडेपेटी, मेणबत्त्या, गूळ आणि माईंनी त्याच्यासाठी विणलेले मोजे ठेवले. वरून सुतळी बांधली, आणि फिटरच्या मास्तरांकडून शिकलेली घट्ट, दुहेरी गाठ मारली. सॅक जाताना जड होती. खांद्यांवर पट्ट्यांचे वळ उठले होते, आणि त्याला ते बरे वाटत होते.

वैशाखात बर्फ वितळल्यावर तो पुन्हा गेला. सबंध हिवाळा त्याने एकच विचार केला होता: कुणाला लागलं असेल का? कुणाचे पाय वाचले असतील? वाटभर बुरांसाची लाल फुलं पडली होती. त्याने दार ढकललं. रास तेवढीच होती. डबा खुंटीवर होता. गाठ त्याचीच होती, दुहेरी, कुणी न सोडलेली.

क्षणभर त्याचं मन खट्टू झालं. एवढी मेहनत, आणि कुणाच्या कामी आली नाही.

आणि मग त्याला कळलं. सबंध हिवाळ्यात या डोंगरावर कुणाचे ओठ निळे पडले नव्हते. कुणी दातांनी गाठ सोडली नव्हती, कुणी चौथ्या काडीला रडलं नव्हतं. जे कुणी आले असतील, ते सगळे धडधाकट घरी गेले होते, आणि त्यांच्या घरची दारं उघडली होती.

तो बाहेर गेला, वाटेवरचं एक टपोरं फूल उचललं, आणि आत येऊन डब्यावर ठेवलं. मग हात जोडून बराच वेळ उभा राहिला.

संध्याकाळी गावात रेंज आली तसा त्याने फोन लावला. "मास्तर, कशालाही हात लागला नाही. गाठसुद्धा तशीच आहे."

पलीकडून मास्तरांचा आवाज आला, पण त्याच्यासाठी नव्हता. "माई, ऐकलंस का? कुणाला काही लागलं नाही म्हणे. साखर आण, साखर!"

मंडळी, आज घरी गेल्यावर तुम्हीही एकदा कपाट उघडून पाहा, वर्षभरात कशाकशाला हात लावायची वेळ आली नाही ते.